सात नंबरची नोंद

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मांजर आडवं गेलं तरी न थांबणारी बाई मी. भुताखेतांची टिंगल करण्यात माझी निम्मी हयात गेली.

आणि ही गोष्ट रात्रीची नाहीच. मागच्या वादळातली, भर दुपारची. सव्वातीन वाजले होते. बाहेर मात्र दिवे लावावेत इतका अंधार.

मोठं वादळ येतं तेव्हा समुद्र किती आत घुसतो, किती वाळू ओढून नेतो, हे आमची तुकडी मोजते. किनाऱ्याच्या बांधावर एक ते आठ अशा जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येक जागी पाण्यात रोवलेली मापाची पट्टी, बांधावर एक गाडी आणि दोन माणसं. मी मागे, एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, वायरलेसपाशी. दर दहा मिनिटांनी मी पुकारा करते, सगळे ओळीने पाण्याची उंची सांगतात, मी लिहिते.

नियम एकच. मी "परत या" म्हटल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. बांध अरुंद आहे. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर दोन्ही अडकतात.

आठ नंबरवर माझी धाकटी बहीण होती, तिच्या मैत्रिणीबरोबर. आईने तिला माझ्या भरवशावर या कामात धाडलं होतं, आणि ते मला उठता बसता ऐकवलंही होतं.

सव्वातीनचा पुकारा केला. एक झाला, दोन झाला... सहापर्यंत आले.

मग...

"सात. एक मीटर दहा."

मी लिहिलंसुद्धा.

आणि पेन तिथेच थांबलं.

सातवर कुणीच नव्हतं. सहानंतर आम्ही थेट आठ घेतो. ती जागा पाच वर्षं रिकामी आहे.

शेजारी बसलेल्या वायरलेसवाल्याने कानावरचा हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला, पुन्हा घातला. कुणीतरी चेष्टा करतंय, परत आले की एकेकाचे कान उपटते, असं मी त्याला म्हटलं.

पण तो आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. संथ. प्रत्येक आकडा तोडून सांगणारा. मी तो ओळखला होता, आणि ओळखला नाही असं स्वतःला बजावत होते.

मग आठची पाळी.

आठ बोललाच नाही.

तीनदा हाक दिली. नुसती खरखर...

वायरलेसवाला म्हणाला, "निघाल्या असतील, मॅडम. घाबरून निघतात कधी कधी." तसं असेल तर गाडी पाठवणं म्हणजे बांधावर दोन्ही गाड्या अडकवणं. आणि निघाल्या नसतील तर?

दहा मिनिटं मी खिडकी आणि टेबल यांच्यामध्ये येरझाऱ्या घातल्या. दुसरं काही सुचत नव्हतं.

तीन पंचवीस. सहा झाला.

"सात. एक मीटर चाळीस."

मी आकडा लिहिला...

"आठवरच्या दोघी जागेवरच आहेत. सेट भिजलाय त्यांचा. गाडी पाठवा."

मी बाकी सगळ्यांना परत बोलावलं, बांध मोकळा झाला आणि मग शाळेत गाडी घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरकाकांना आठवर जायला सांगितलं. त्या तिथेच आहेत हे कुणी कळवलं, असं त्यांनी विचारलं.

"सात नंबरने," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. तुकडीतलं जुनं माणूस. किल्ली उचलून गेले.

चारला पाच कमी असताना दोघी जिना चढून आल्या. नखशिखांत भिजलेल्या. बहिणीच्या हातातल्या सेटमधून पाणी गळत होतं, आणि ती माझ्यावरच भडकली होती.

"ताई, तू बोलावलंच नाहीस. आम्ही निघणार कशा?"

मी तिला मिठी मारून लहान मुलीसारखी रडले. पाचच मिनिटांनी आठपाशी बांध फुटला.

आता सातबद्दल सांगायलाच हवं.

पाच वर्षांपूर्वी तिथे मास्तर असायचे. सगळ्यांचे आकडे तपासून चुका काढायचे, म्हणून मास्तर. तेव्हा एका जागी एकच माणूस असे. त्या वादळात माझ्या साहेबांना वाटलं, मास्तरांना मी बोलावलं. मला वाटलं, साहेबांनी बोलावलं. यादीत सगळ्यांपुढे बरोबरची खूण झाली आणि आम्ही सेट बंद केला.

मास्तर नियमाचे पक्के. ते बसून राहिले.

ते सापडलेच नाहीत.

तर मागच्या वादळात, चार वाजून पाच मिनिटं. सगळे परतले होते. सेट बंद करायला वायरलेसवाल्याने हात पुढे केला...

"सात. दोन मीटर पाच."

बहिणीने माझा दंड घट्ट धरला.

थोडी खरखर... आणि मग, अगदी नेहमीच्या स्वरात,

"मी निघू का?"

दोन शब्द म्हणायचे होते. पाच वर्षं ते माझ्या गळ्यात अडकले होते. पण जिन्याचं दार उघडं होतं, आणि ते निघाले तर कुठे येतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

मी बटण दाबलं.

"थांबा," मी म्हटलं.

मी बटण सोडलं...

"बरं."

बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परवा पुन्हा वादळ येतंय. इशारा आलाय, याद्या तयार आहेत. सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, ताई, या वेळी त्यांना बोलाव.

बोलावते, मी म्हटलं. पण मग त्या खोलीत माझ्या शेजारी तू बसशील का?

सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. अजून तिचं उत्तर आलेलं नाही.