सावळीरामची घागर

नौशादचा भुतांवर विश्वास नव्हता. गंगापूर रोडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाला भुतांसाठी वेळ कुठून असणार? त्याची अर्धी गिऱ्हाइकं ‘मशीनमध्ये काहीतरी शिरलंय’ हीच तक्रार घेऊन येत, आणि जे शिरलेलं असेल ते तो संध्याकाळपर्यंत बाहेर काढून देई. दोन हजार आठ सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो सुरगाण्याकडे निघाला, तेव्हा डोक्यात एवढंच होतं की एका ट्रस्टच्या दवाखान्याचा दुरुस्त केलेला लॅपटॉप पोचवायचा, वायरलेस जोडून द्यायचं आणि उन्हं कलायच्या आत परत फिरायचं. सोबत अब्बा होते, निसारमियाँ. त्यांना डोंगरातल्या कैऱ्या हव्या होत्या. बाजारच्या कैरीचं लोणचं त्यांच्या लेखी लोणचंच नव्हतं.

दवाखाना गावापासून लांब, टेकाडावर एकटाच उभा होता. सणामुळे पेशंट नव्हते. ऊन असं पेटलेलं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. डॉक्टर ज्योत्स्ना आणि वॉर्डात काम करणारी नवसाबाई, अशा दोघीच काय त्या तिथे होत्या. त्यांनी नौशादला कोपऱ्यातल्या एका खोलीत नेलं. उन्हासाठी खिडक्या घट्ट लावलेल्या, त्यामुळे आत भर दुपारी तिन्हीसांजेसारखा अंधार होता. फिनेलचा वास, आणि त्याच्या खालून ओल्या मातीचा.

“ही सावळीरामची खोली,” ज्योत्स्ना म्हणाली. “आमचा कंपाउंडर. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. दिवाळीत तापाने गेला.”

भिंतीवर इंटरनेटचा डबा लुकलुकत होता. नौशादने लॅपटॉप उघडला. त्यात त्याने लिनक्सची नवी सिस्टिम घातली होती. जुनी डिस्क गेली ती सगळं घेऊनच गेली होती. यादीत दवाखान्याच्या नेटवर्कचं नाव दिसत होतं, पुढे कुलुपाचं चित्र.

“पासवर्ड काय आहे, मॅडम?”

“तोच तर माहीत नाही. सावळीराम स्वतः टाकायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, मी आहे ना.”

नौशाद हसला, पण काम हसण्यासारखं नव्हतं. या कुलपाची रीत मोठी मानी असते. लॅपटॉप आणि डबा आधी एकमेकांची ओळख पटवतात. गुपित दोघांनाही माहीत हवं, पण ते उघड कोणीच उच्चारायचं नाही. आडून विचारायचं, आडून उत्तर द्यायचं. उत्तर चुकलं की डबा गप्प. नौशादने काळ्या पडद्यावर नोंदी उघडल्या. प्रत्येक वेळी बोलणं सुरू होई आणि अर्ध्यावर तुटे. लॅपटॉपचं केबलचं भोक विजेने जळालेलं. डबा रिसेट करावा तर इंटरनेटचं लॉगिनही पुसलं जाणार, आणि तेही सावळीरामबरोबरच गेलेलं. कंपनीचं ऑफिस सणाचं बंद.

“उद्या लॉगिन मागवू आणि नव्यानं करू,” तो म्हणाला. लॅपटॉप मिटणार, तोच दारात अब्बा आले. हातातली कैऱ्यांची पिशवी खाली पडली.

“बेटा... सीने पे कुछ रखेला है, ऐसा लगता...”

त्यानंतर सगळी धावाधाव. वॉर्डातली खाट, अब्बांच्या कपाळावरचा गार घाम, यंत्रातून सरकत आलेली कागदाची पट्टी. ज्योत्स्नाने ती उजेडात धरली आणि तिचा चेहरा उतरला.

“हार्ट अ‍ॅटॅकच वाटतोय. पण पट्टी साफ नाही, आणि चाचांना मागे अल्सरमधून रक्तस्राव झालाय म्हणतात. गुठळी विरघळवणारं एकच इंजेक्शन आहे माझ्याकडे. लागू पडलं तर वाचतील, चुकून दिलं तर आतून रक्त जाईल. नाशिकच्या हार्टच्या सरांना फोन लावलाय. ते म्हणतात, पट्टी बघितल्याशिवाय सांगणार नाही. नौशादभाई, कॅमेऱ्याने फोटो काढलाय मी. तो ईमेलने पाठवता आला तर...”

घाटातून नाशिक गाठेपर्यंत अब्बा टिकणार नाहीत, हे तिने सांगितलं नाही. नौशादला ते कळलं.

तो पुन्हा सावळीरामच्या खोलीत बसला. दवाखान्याचं नाव टाकलं. डॉक्टरांचं, देवाचं, गावाचं नाव टाकलं. डबा लुकलुकत राहिला. खोलीत आवाज कसलाच नव्हता, फक्त कुठेतरी पाणी ठिबकत होतं. टप... टप... त्याच्या घशाला कोरड पडली, जीभ टाळूला चिकटली. कोपऱ्यात लाल मातीची नवी घागर दिसली. तोंडावर छोटं मडकं, मडक्यावर एक आंबा. नौशादने आंबा बाजूला ठेवला, मडकं घागरीत बुडवून तोंडाला लावलं आणि घटाघटा प्यायला. एवढं गार पाणी तो जन्मात प्यायला नव्हता.

“हे काय केलं वो, भाऊ...”

दारात नवसाबाई उभी होती. पदर तोंडावर दाबलेला.

“आखाजीची घागर हाय ती. सावळीरामची. मागं कोणी नाय त्याच्या, म्हणून मी भरली. त्याची पहिली आखाजी... तो प्यायच्या आत जित्या माणसानं शिवायचं नसतं.” ती हळू आवाजात बोलत होती, कुणी ऐकेल तसं. “लय गुणी होता. मला नवसाक्का म्हनायचा. सारा गाव बाई म्हनतो, तो एकटा अक्का.”

“माफ करा,” नौशाद म्हणाला. “अब्बांचं... मला काही सुचत नाहीये.”

नवसाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मागे, रिकाम्या भिंतीकडे. “मग त्यालाच सांगा,” ती म्हणाली. “पानी त्याचं प्यालात. परके नाय राहिले आता.”

नौशाद नमाजी माणूस. असलं काही बोलणं त्याच्या श्रद्धेत बसणारं नव्हतं. पण पलीकडे बाप तडफडत असताना माणूस बसणारं-न बसणारं बघत नाही. तो पुटपुटला, “सावळीरामभाऊ... माझे अब्बा आहेत हो.”

ठिबकणं थांबलं. ओल्या मातीचा वास इतका दाट झाला की श्वास अडला. मग त्याच्या पालथ्या हातांवर गारवा उतरला, घागरीला हात लावल्यासारखा, आणि त्याची बोटं चालू लागली. ती त्याची चाल नव्हती. नौशाद दहा बोटांनी भराभर टाइप करणारा; ही बोटं एकेक अक्षर शोधून, दाबून, मधे थांबून पुढे जात होती. हळू आणि खात्रीने. पडद्यावर ठिपक्यामागून ठिपका उमटला. शेवटचं बटण जरा जोरात दाबलं गेलं.

नोंदी सरकल्या. विचारणा, उत्तर, विचारणा, उत्तर. बोलणं तुटलं नाही. कुलूप उघडलं होतं.

कीबोर्डवरची ती तेवढी बटणं ओली दिसत होती. नौशादने ती मुद्दाम वाचली नाहीत. हाताला लागेल त्या फडक्याने आधी पुसली आणि मग फोटो पाठवला.

नाशिकहून फोन आला, “द्या.” इंजेक्शन गेलं. नौशाद वॉर्डाच्या दाराशी उकिडवा बसून येत होत्या तेवढ्या दुआ म्हणत राहिला. उन्हं उतरली तेव्हा ज्योत्स्ना बाहेर आली. घामाने डबडबलेली, पण हसत होती.

“वाचले. मधे एकदा ते गेलेच होते, नौशादभाई. मी छातीवर हात ठेवते न ठेवते तोच परत आले. डोळे उघडले आणि आधी पाणी मागितलं.”

नौशाद ढसाढसा रडला. मग डोळे पुसून विहिरीवर गेला, घागर घासून भरून आणली आणि होती तिथे ठेवली. वर आंबाही ठेवला, आणि पिशवीतल्या सगळ्यात चांगल्या दोन कैऱ्या. “शुक्रिया, भाऊ,” तो म्हणाला. याहून मोठा शब्द त्याच्याकडे असता तर त्याने तोही दिला असता.

पुढल्या आखाजीला दुकान बंद ठेवून तो घरीच होता. सकाळी त्याने कुंभाराकडून छोटी घागर आणली होती. ती सावळीरामच्या नावाने भरून अब्बांच्या खोलीत ठेवायची आणि मग सुरगाण्याला निघायचं, असा बेत होता. बायकोने, रेहानाने, कशासाठी ते विचारलं नाही. ज्या घरात बाप परत आला, तिथे एका घागरीला कोण नाही म्हणेल? पण दुकानाचे फोन येत राहिले आणि घागर ओट्यावर कोरडीच राहिली.

दुपारी तो अब्बांना बघायला गेला. ते शांत झोपले होते. अंगावर चादर, उशाशी पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास. वर्षभरात त्यांची तब्येत छान सुधारली होती. नौशाद कौतुकाने बघत उभा राहिला, आणि मग त्याची नजर चादरीवर गेली.

अब्बांची बोटं हलत होती. ज्या माणसाने आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता, त्याची बोटं एकेक अक्षर शोधत, दाबत, मधे थांबत चालली होती. हळू आणि खात्रीने. शेवटचं बोट जरा जोरात पडलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

बघत राहिला असता तर नौशादला ते गुपित वाचता आलं असतं. त्याने मान फिरवली.

“नवसाक्का...” अब्बा झोपेतच म्हणाले. आवाज त्यांचाच, बोली डोंगरातली. “घागर भरली का गं?”

नौशादच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं किती आणि उपकारांचं किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो खाटेशी बसला, अब्बांचा गार हात दोन्ही हातांत घेतला.

“भरतो, भाऊ,” तो म्हणाला. “आत्ता भरतो. तुम्ही राहा.”

बोटं थांबली. तो लगबगीने ओट्यावरची घागर उचलायला उठला तेव्हा त्याचं लक्ष उशाशी गेलं. मघाशी भरलेला ग्लास रिकामा होता. अब्बांचे ओठ मात्र कोरडेच होते.