सहाशे सदतीस कागद

देशसेवेचं मोल पैशांत करता येत नाही. तिच्यातून मुदतीआधी सुटण्याचं मात्र छापील दरपत्रक आहे.

त्या दराने पैसे जमवलेला बेकरीवाला दुपारी दोनला गुप्तहेरबाईंच्या टेबलावर पत्र्याचा डबा आपटून उभा राहिला. डब्यात नोटांच्या मापाने कापलेलं वर्तमानपत्र होतं.

"धाकट्या भावाला फौजेतून सोडवायचे पैसे! आज पाचच्या आत भरले नाहीत तर आणखी तीन वर्षं अडकला तो. आणि चोर मला माहीत आहे. माझा मेहुणा."

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"मी नाव घेतलं तर बायको घरात ठेवणार नाही."

बाईंचा मदतनीस, म्हणजे निवृत्त कंपाउंडर, याला हे पटलं. त्याला बहुतेक गोष्टी पटत. बाईंनी त्याला तुकडे मोजायला बसवलं. दोऱ्याने बांधलेल्या शंभराच्या सहा गड्ड्या, वर सुटे सदतीस.

"नोटा किती होत्या?"

"सहाशे सदतीस. घरात सगळ्यांना पाठ आहे. रोज जेवताना मी ऐकवतो."

बेकरीमागच्या घरात मेहुणा खाटेवर पसरला होता. "मी घेतले असते, तर इथे पडून भावोजींचं तोंड बघत बसलो असतो का?"

कंपाउंडरला हेही पटलं.

बेकरीवाल्याची बायको भांडी आदळत बोलली. "सहा वर्षं डबा सांभाळला मी. दिराला सोडवायला पैसे, आणि माझ्या भावाला यांनी कधी चप्पल घेतली नाही. चोरायचे असते तर पहिल्याच वर्षी चोरले असते. तेव्हा उमेद होती."

धाकटा चार दिवसांच्या रजेवर आला होता. तो अंगणात बूट घासत होता. कंपाउंडरला त्यात स्वतःचा चष्मा दिसला.

"तिकडे काय काम करता?" बाईंनी विचारलं.

"भांडारात चादरी मोजतो. आता इथे पाव मोजायचे."

"सुटताना हे बूट जमा करावे लागतात?" कंपाउंडरने उगाच विचारलं.

"परवाच. नाडीसकट."

चार वाजता बाईंनी सगळ्यांना भट्टीपाशी उभं केलं.

"डबा नुसता जड ठेवायचा तर वीट पुरली असती. चोराने मात्र सहाशे सदतीस कागद मोजून बांधले. मेहुणे एवढे कष्ट घेतील?"

"छे," मेहुणा अभिमानाने म्हणाला.

"वहिनींना ठाऊक होतं, झाकण उघडलं की चोरी कळणारच. त्या कशाला मोजतील? हे वळण भांडारातल्या हाताचं. तिथे तपासणीला येणारा नग मोजतो, नग बघत नाही. चादरीच्या जागी पोतं ठेवा, आकडा जुळला की झालं. शिवाय परवा परत करायचे बूट एवढे कोण घासतं?"

सगळे धाकट्याकडे वळले. कंपाउंडर जरा उशिरा वळला.

"हरामखोर!" थोरला गरजला. "तुला सोडवायला सहा वर्षं पोटाला चिमटा काढला!"

"मला सोडवायला? भट्टीवर बिनपगारी गडी हवा होता तुला! आज पाच वाजेपर्यंत पैसे तेवढे लपवायचे होते. दादा, तिकडेही दिवसभर ओरडतात. पण तिथला ओरडणारा दर दोन वर्षांनी बदलतो."

"सांगायचं होतंस तोंडाने!"

"तू बोलायचा थांबतोस कधी?"

नोटा त्याच्या ट्रंकेत निघाल्या. झाकणाच्या आतल्या यादीत त्यांची नोंदही होती: सदरे चार, मोजे सहा जोड, नोटा सहाशे सदतीस.

थोरल्याने एका हातात नोटा धरल्या, दुसऱ्यात भावाची कॉलर, आणि पावणेपाचला फौजेची कचेरी गाठली. धापा टाकत कंपाउंडरही मागोमाग पोचला.

कारकुनाने नोटांना हात लावला नाही. त्याने तुकडीचा क्रमांक विचारला आणि सकाळी आलेला हुकूम वाचून दाखवला. ती तुकडी महिनाअखेर बरखास्त होत होती. सगळ्यांना फुकटातच घरी पाठवणार होते.