डाव्या चाकावरची दोन बोटं

हे खरं आहे.

मी सृष्टी. जळकोट तालुक्यातली, आता दहावीत. वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आलेली मुलगी आहे मी, त्यामुळे रंगवून सांगायला मला छान जमतं. पण हे रंगवलेलं नाही. उलट यातली एक गोष्ट मी घरात अजून कुणालाच सांगितलेली नाही. ती इथे पहिल्यांदा लिहितेय.

आणि हो, रात्र नव्हती. एप्रिलमधला मंगळवार होता. दुपारचे तीन. डोकं फुटेल असं ऊन.

सुरुवात मात्र त्याच्या आधीच्या शनिवारी झाली.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जळकोटला ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. मालासाठी त्यांनी जुनी पिकअप घेतली. पुढे दोन ओळींत सीट, मागे उघडा हौदा. हौसेनं तिला रुंद टायर टाकले आणि टायर दोन इंच बॉडीच्या बाहेर आले. मग काय! चिखल, खडी, सगळं उडायला लागलं. एकदा आमच्या हेडसरांचा पांढरा शर्ट... जाऊ द्या.

त्यावर उपाय म्हणजे फ्लेअर. चाकाच्या वर मडगार्डच्या कडेला बसवतात ती रुंद काळी पट्टी. ती घ्यायला आम्ही लातूरला गेलो. अप्पा रबराची साधी पट्टी उचलत होते.

“अप्पा, रबर उन्हात वाकडं होतंय. अन् दिसतं कसं, म्हशीच्या ओठासारखं!”

“गाडी तुला चालवायची हाय का मला?”

“तीन वर्षांनी मलाच चालवायची हाय की.”

दुकानदार हसला आणि मी जिंकले. जाड प्लॅस्टिकचे, कडेनं बोल्ट दिसणारे, दुकानातले सगळ्यात रुंद फ्लेअर घेतले.

बसवले वीरेशदादानं. त्याचं शेड जळकोटच्या बाहेर, रस्त्याला लागून. समोर रस्त्यापलीकडे दगडी भिंत आहे. भिंतीच्या आत आमची रुद्रभूमी, म्हणजे आम्हा लिंगायतांची माती द्यायची जागा.

दादानं चिकटपट्टी लावून खुणा केल्या, भोकं पाडली, भोकांना गंज धरू नये म्हणून रंग लावला, बोल्ट आवळले. मग टायर आणि फ्लेअरच्या मधे हात घातला.

“चार बोटं जागा हाय. पण रिकाम्या गाडीवर बघून उपेग न्हाई. वजन टाकून बघावं लागतंय चाक घासतंय का.”

“पोती हायत का?” अप्पा म्हणाले.

“पोती कशाला? माणसं बसवू की.”

इथे मी एक मस्करी केली.

उदगीरच्या जीपवाल्यांसारखी मी हौद्याच्या मागच्या फळीवर पाय देऊन उभी राहिले. तोंड रस्त्याकडे. आणि जोरात ओरडले, “चला उदगीर, उदगीर! रिकामी गाडी हाय! कोणीबी या, बसा, बसा!”

सगळे खदाखदा हसले. शेजारच्या चहाच्या टपरीवरचे चौघं जण येऊन हौद्यात चढले.

आणि एक म्हातारे अज्जा.

पांढरा पटका, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. ते चढताना मला दिसले नाहीत. फळीवरून उतरून वर बघितलं तेव्हा ते डाव्या कोपऱ्यात बसलेले होते... मांडी घालून, ताठ.

वीरेशदादानं हात घातला. “दोन बोटं. बास. उतरा रे.”

धप्. धप्. धप्. धप्.

चार उड्या ऐकल्या मी.

दादानं पुन्हा हात घातला... आणि कपाळाला आठी पडली. उजवीकडे चार बोटं. डावीकडे अजून दोनच.

“स्प्रिंगचा पाटा नवीन हाय, बसंल हळूहळू. चौघांच्या वजनावर दोन बोटं ऱ्हायली म्हंजी लई झालं.”

“चौघं कुठं? पाच होते,” मी म्हणाले.

“चौघंच. गणितात पास हायस ना गं?”

पुन्हा सगळे हसले. मीही हसले. हौद्यात बघितलं तर कुणी नव्हतं. अज्जा कधीच उतरले असतील, असं म्हटलं.

रविवारी अप्पांनी गाडी धुतली. हौद्यातलं पाणी मागच्या फटीतून वाहून जायला पाहिजे... ते गेलं नाही. सगळं डाव्या कोपऱ्याकडे गेलं आणि तिथंच साचून राहिलं.

“गाडी जड चालायलीय,” अप्पा सोमवारी म्हणाले.

मंगळवारी शिवांशला विंचू चावला.

शिवांश माझा भाऊ. चौथीत, नऊ वर्षांचा. शेतातल्या बांधावरचा दगड त्यानं उचलला आणि खाली लाल विंचू होता. अर्ध्या तासात पोरगं घामानं निथळायला लागलं, हातपाय गार, उलटीवर उलटी. लाल विंचू लहान पोरांना काय करतो ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

उदगीर बावीस किलोमीटर. गाडी दारात होती. आई त्याला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली, मी पुढे अप्पांशेजारी.

गाव सुटलं आणि आवाज सुरू झाला.

घर्र्र... घर्र्र...

मागून. डावीकडून.

अप्पांनी पाय दाबला. गाडी चाळीसच्या पुढे जाईना. मग तीस. इंजिन कण्हत होतं, जशी काही पोत्यांनी भरलेली गाडी घाटात चढवतोय. रस्ता तर सपाट होता. आणि हौदा रिकामा.

जळक्या रबराचा वास आला.

“अहो, पळवा ना गाडी!” आई किंचाळली. “डोळे फिरवायलंय पोरगं!”

“पळवायलोच की, कमल! पळंना झालीय!”

अप्पांनी गाडी थांबवली. मी पण उतरले. डावं चाक फ्लेअरमध्ये रुतलं होतं. दोन बोटं नाही, एक नाही... कागद जाणार नाही इतकं. धूर येत होता.

हौद्यात काहीच नव्हतं.

रस्ता दोन्हीकडे मोकळा. मागून एक मोटारसायकल येताना दिसली. अप्पा दोन्ही हात हलवत रस्त्याच्या मधोमध गेले. “थांबा! पोराला विंचू चावलाय!”

माणूस थांबला. पण तीस-चाळीस पावलं मागेच. गाडी बंद केली, चपला काढल्या आणि हात जोडले.

“इकडं या की!” अप्पा ओरडले.

“न्या, न्या तुम्ही,” तो तिथूनच म्हणाला. “मयताच्या पुढं मी जात न्हाई.”

“कसलं मयत?”

त्यानं हौद्याकडे बोट केलं.

अप्पा त्याच्याकडे धावले. त्यानं अजून एकदा हौद्याकडे नीट बघितलं... आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. चपला तिथंच टाकून, गाडी वळवून तो पळाला.

त्याला काय दिसलं, मला माहीत नाही. पण तेव्हा मला एकदम आठवलं. आमच्यात मयताला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात, बसवूनच पुरतात.

मांडी घालून. ताठ.

अप्पा पान्हा घेऊन फ्लेअर उपसायला लागले. बोल्ट निघेना तशी हातानंच ओढायला लागले, बोटांतून रक्त यायला लागलं. “शिवा, शिवा,” एवढंच म्हणत होते. आत आई शिवांशला हाका मारत होती आणि तो ओ देत नव्हता.

मी मागे गेले. फळी धरली. पत्रा इतका तापला होता की हात भाजला, पण सोडली नाही.

“अज्जा,” मी म्हणाले. हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. “मीच बसा म्हटलं होतं. मस्करी केली होती हो. चुकलं माझं. उतरा ना.”

काही नाही.

“अज्जा, पाया पडते. माझा भाऊ मरायलाय.”

काही नाही. फक्त अप्पा फ्लेअर ओढत होते त्याचा आवाज.

तेव्हा मला काय सुचलं, का सुचलं... मी म्हणाले, “उतरायचं नसलं तर नका उतरू. आत येऊन बसा. पण गाडी जाऊ द्या.”

कुर्र्र...

पाट्याचा आवाज. गाडी माझ्या डोळ्यांसमोर वर उचलली गेली. अप्पांचे हात तिथंच थांबले. टायर आणि फ्लेअरच्या मधे चार बोटं जागा.

“बस!” अप्पा ओरडले. “बस आत!”

ऐंशी. नव्वद. आवाज नाही, धूर नाही. मी रडत होते आणि हसतही होते.

मग मागून आईचा आवाज आला.

“सृष्टे... याला जरा धर गं. मांडी मोडायली माझी. लई जड लागायलाय.”

उदगीरच्या दवाखान्यात दोघा जणांनी त्याला उचललं. “काय खाऊ घालता हो पोराला?” एक जण धापा टाकत म्हणाला.

औषध वजनावर असतं. सिस्टरनं वजन विचारलं. आई म्हणाली चोवीस. तरी तिनं काट्यावर बसवायला सांगितलं.

शिवांशचे डोळे मिटलेले होते. शुद्ध नव्हती. पण काट्यावर ठेवल्याबरोबर त्यानं... आपली आपण मांडी घातली.

काट्यावर त्र्याऐंशी.

सिस्टरनं त्याला उचलायला लावलं. शून्य. मला उभं केलं. चव्वेचाळीस, अगदी बरोबर. पुन्हा शिवांश. त्र्याऐंशी.

“काटा गेला वाटतं,” ती म्हणाली आणि कागदावर चोवीस लिहिलं.

चोवीसच्या हिशोबानंच औषध दिलं आणि तो वाचला. तिसऱ्या दिवशी घरी आला. आईनं शेजारीपाजारी साखर वाटली. पिकअपचे चारही फ्लेअर अप्पांनी काढून टाकले, चांगले होते तरी.

आता शाळा सुरू झालीय. शिवांश खातो, खेळतो, माझी पेनं चोरतो. सगळं पहिल्यासारखं. फक्त आई म्हणते, वाळलंय पोरगं, वजन करून आण. मी काहीतरी कारण सांगून टाळते. एप्रिलपासून मी त्याला एकदाही उचललेलं नाही.

काल अंगणात त्यानं माझी ओढणी धरली.

“ताई, पाठुंगळी घे ना.”

“अभ्यास हाय मला.”

“एकदाच गं.”

मी किती टाळणार? खाली बसले. त्यानं मागून गळ्यात हात टाकले, छाती माझ्या पाठीला टेकवली. पाय अजून जमिनीवरच होते त्याचे.

“उचल की,” तो कानाशी म्हणाला.

मी तशीच बसून राहिले. बराच वेळ.

उठले नाही.