वरच्या टोकाला

मे महिन्यात लातूरची माणसं दोन गोष्टींची वाट बघतात, टँकरची आणि संध्याकाळची. सुकन्यावहिनींच्या घरात यंदा तिसरीची भर पडली होती, वायरमनची. लेक पुनम बाळंतपणाला माहेरी आलेली. तिच्या नवऱ्यानं नांदेडहून एसी घेऊन दिला. दुकानाची माणसं आली, वरच्या खोलीत एसी भिंतीला टांगून, प्लग लोंबता ठेवून निघून गेली. एसीला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर पाहिजे, पंख्याच्या लायनीवर हा चालायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. ते काही खोटं नव्हतं.

वायरमन गल्लीत पैशाला पासरी. पण वहिनींनी एकालाही उंबरा ओलांडू दिला नाही. "ह्या घराची लाईट ह्यांनी अन् जलीलभाईनं केलेली हाय," एवढंच त्या म्हणायच्या आणि जलीलला फोन लावायच्या.

जलील रोज उद्यावर ढकलत होता. पंखा, बटण, ट्यूब असली किरकोळ कामं तो करायचा. पायपातून वायर ओढायचं काम मात्र त्याचा सोबती, वहिनींचा नवरा नरसिंग गेल्यापासून त्यानं सोडलंच होतं. कारण ते काम एकट्याचं नाही. एकानं खालून वायर सारायची, दुसऱ्यानं वरून ओढायची. जलीलला शिडीवर चक्कर यायची, म्हणून तो कायम खाली. नरसिंगाला उंचीचं वेड, म्हणून तो कायम वर. डाळीच्या मिली झाल्या, क्लासवाल्यांच्या चार मजली इमारती झाल्या, पण टोकं कधी बदलली नाहीत. मिलीच्या खडखडाटात एकमेकांची हाक ऐकू यायची नाही, म्हणून दोघं वायरीवरच बोलायचे. दोन बारके झटके म्हणजे मिळाली, सोड आता. एक लांब ताण म्हणजे थांब. आणि वायर नुसतीच थरथरली, की वरच्याला चहाची तलफ आली आहे. लोक म्हणायचे, एका दाराच्या दोन बिजागऱ्या आहेत ह्या.

दोन वर्षांमागं नरसिंग जेवून वरच्या खोलीत आडवा झाला, तो उठलाच नाही. त्यानंतर जलीलनं दोनतीन जणांना हाताखाली घेऊन पाहिलं. चांगले होते बिचारे. पण ते ओढायला लागले की जलीलच्या हाताला परकं वाटायचं, आणि सोबत्याचा हात इतका आठवायचा की काम अर्धं टाकून तो घरी जायचा.

शेवटी वहिनींचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. "लेकरू अंगावर पीत न्हाई, जलीलभाई. डॉक्टर म्हनतेत उष्म्यानं झालंय, गार जागी ठेवा. कूलर हाय, पर त्याला घालायला पानी कुठून आनू?" आता नाही म्हणणं माणुसकीला धरून नव्हतं. जलीलनं वायरीचं बंडल घेतलं आणि दुपारची नमाज आटोपून तो निघाला.

घर तेच. जिन्याखाली मेन बोर्ड, त्याच्या डोक्यावर भिंतीत गाडलेल्या पायपांची तोंडं. त्यातलं एक रिकामं. घर बांधताना नरसिंगानंच तो जास्तीचा पायप वरच्या खोलीपर्यंत टाकला होता. "हे कशाला?" जलीलनं विचारलं होतं. "एसीला," नरसिंग म्हणाला, तेव्हा गवंडीसुद्धा हसला होता. घरात धड पंखा नव्हता. नरसिंगही हसला आणि म्हणाला, "पायप काय खायला मागतोय का? ऱ्हाऊ दे. माझ्या नातवंडाला कामा येईल."

ते आठवून जलीलनं पायपाच्या तोंडावरचं जळमट पुसलं. आजचं काम नीट झालंच पाहिजे, त्यानं मनाशी म्हटलं. पायप तुंबलेला निघाला, तर भिंत फोडावी लागेल, तान्ह्या लेकराच्या घरात धुरळा होईल, आणि नरसिंगाची हौस फुकट जाईल ती वेगळीच.

खालच्या खोलीत पुनम लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. महिन्याची पोर, पण तळहातावर मावेल एवढी वाटत होती. "काका, लवकर होईल ना?" पुनमनं विचारलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"सांजच्याला गार हवेत झोपंल बघ तुझी लेक," जलील म्हणाला.

आधी तो वर गेला. खोली तापलेल्या तव्यासारखी झाली होती. एका बाजूला नरसिंगाची जुनी खाट, मधोमध आढ्याच्या कडीला रिकामा पाळणा, कोपऱ्यात एसीखालची चौकोनी पेटी. तिच्यात पायपाचं तोंड सिमेंटच्या पिशवीच्या कागदानं बंद केलेलं होतं, नरसिंगानं कोंबलं होतं तसंच. जलीलनं कागद काढला, खिडक्या उघड्या टाकल्या आणि तो खाली आला. मेन बंद केला. पंखे थांबले आणि घर एकदम गप्प झालं. पुनम एसीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं लेकराला वारा घालू लागली.

जलीलनं लवचिक स्प्रिंग पायपात सारली. विचार असा, की ती वर निघेपर्यंत ढकलायची, मग वर जाऊन टोक धरायचं, परत खाली यायचं. एकट्या माणसानं दुसरं काय करावं? स्प्रिंग थोडी गेली आणि वळणावर अडली. त्यानं जोर लावला. फिरवून पाहिली. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला.

मग एकदम वळण सुटलं, आणि वरून कुणीतरी स्प्रिंग धरली.

दोन बारके झटके.

जलीलनं हात काढून घेतला. स्प्रिंग जागीच थरथरत राहिली.

"वहिनी," त्यानं हाक मारली, "वरी कोन हाय?"

सुकन्यावहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "कोन आसनार? आमी सगळ्या खालीच हाव." एवढं बोलून त्या तिथंच उभ्या राहिल्या. जिन्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

शहाणा माणूस वर जाऊन बघून आला असता. जलील शहाणाच होता. पण वर गेलं आणि खोली रिकामी दिसली, तर हातातलं हे सुटेल, अशी भीती त्याला वाटली. त्यानं बंडलातल्या तिन्ही वायरी स्प्रिंगच्या टोकाच्या नेढ्यात अडकवल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि एक बारका झटका दिला.

वायर चालू लागली.

ओढणारा हिसडा देत नव्हता. आडातून पाणी शेंदावं तसा ओढ, दम, पुन्हा ओढ, असा त्याचा हात चालत होता. असं ओढणारा जलीलनं जन्मात एकच पाहिला होता. तो भिंतीला टेकून, हातातून वायर सोडत, गालावरून पाणी वाहू देत उभा राहिला. मधेच वायर नुसतीच थरथरली. "थांब की रे," जलील रडत हसला, "काम तर होऊ दे, मग पिऊ चहा." दोन वर्षांत इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

किती वायर लागेल हे त्याला पाठ होतं. तेवढी गेली. वरून थांब म्हणणारा लांब ताण यायला हवा होता, पण आला नाही. वायर जातच राहिली.

जलीलनं मूठ आवळली, तर वायर तळहात कापत सरकली. बंडल पायाशी गरगरत लहान होत चाललं. आता ह्या ओढीत ती सबूर नव्हती, नुसते हिसडे होते.

खालच्या खोलीत लेकरू कण्हलं.

वायर ओढली गेली, लेकरू कण्हलं. वायर थबकली, लेकरू गप्प झालं. पुन्हा ओढ, पुन्हा कण्हणं. जलीलनं कान देऊन ऐकलं. चूक होत नव्हती.

"काका," पुनमचा आवाज आला, "हिचे हातपाय गार पडून राहिले. एवढ्या उन्हात."

जलीलनं वायर दोन्ही हातांनी धरली आणि पाय भिंतीला लावला. हात पायपाच्या तोंडापर्यंत ओढले गेले. बोटांची पेरं विटेवर खरचटली. वर काय ओढलं जात होतं ते आता त्याला कळलं होतं. ती वायर नव्हती.

त्यानं पायपाला तोंड लावलं.

"नरसिंगा," तो हळू म्हणाला, "तिला सोड. ती कालची हाय रे. तुला तिथं करमत न्हाई, हे मला समजतंय. मलाबी हितं करमत न्हाई."

ओढ तशीच होती.

"हिची खोली गार करून देतो, अन् मी येतो."

वायर सैल पडली.

वरून ढील आली, हातभर, मग आणखी हातभर. जास्तीची सगळी वायर गुमान खाली उतरली. पाठोपाठ लेकरू रडलं, चांगलं भोकाड पसरून, आणि थोड्या वेळानं ते रडणंही थांबलं.

"आई," पुनम म्हणाली, तिला हसू आणि रडू एकदमच आलं होतं, "पिऊन राहिली ही. बघ, पिऊन राहिली."

जलील वर गेला. खोलीत कुणी नव्हतं. पेटीतून हवी तेवढीच वायर बाहेर आली होती. त्यानं शांतपणे एसीच्या प्लगचा डबा बसवला, अर्थिंगची तार घट्ट केली, खाली येऊन नवीन खटका जोडला आणि मेन चालू केला. उन्हं कलायच्या आत खोलीत अशी हवा झाली, की पुनम पदर गुंडाळून बसली. पोर पाळण्यात तोंड उघडं टाकून झोपली होती. गालावर रंग आला होता. जलीलनं तिला पोटभर पाहून घेतलं. नाक सगळं नरसिंगाचं होतं.

वहिनींनी दारात चहा दिला. पुनम वर होती.

"बोलले का काही?" वहिनींनी विचारलं. नजर बशीवर होती.

जलीलच्या हातातला कप थांबला.

"ती वरी झोपायला लागली तवापासून पाळन्याची दोरी कोन तरी ओढतंय," त्या म्हणाल्या. "आधी मला बरंच वाटलं. नातीचं कवतिक हाय, म्हनलं. मग पोरीनं पिनं सोडलं. सारखी त्या कोपऱ्याकडं बघायची अन् हसायची. खाली आनली तरी मान तिकडंच. सव्वा महिना झाल्याबिगर कुठं हलवताबी येत न्हाई. मी लई इनवन्या केल्या, जलीलभाई. ते माझं कधी ऐकत न्हवते. तुमचं ऐकायचे."

म्हणून दुसरा वायरमन नको होता. जलीलला राग यायला हवा होता. आला नाही. त्याला फक्त घरी वाट बघत असलेली बायको, गौसिया आठवली, आणि छातीत कळ आल्यासारखं झालं.

"काय म्हनलात त्यान्ला?"

"काम झालं की येतो, म्हनलं."

असं वंगाळ बोलू नये, हे त्या म्हणतील म्हणून तो थांबला. वहिनींनी फक्त मान हलवली. कप त्याच्या हातातून घेऊन कडेला ठेवला. डोक्यावरून पदर घेतला आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. वाकून त्याच्या दोन्ही पायांना हात लावला.

"येतो, वहिनी," जलील म्हणाला.

'या पुन्हा' म्हटल्याशिवाय त्या दारातून वहिनींनी कधी कुणाला जाऊ दिलं नव्हतं. आज त्यांनी दार हळूच ओढून घेतलं, आणि तो पायरी उतरायच्या आधीच आतून कडी लागली.