काच बसली

बाबांच्या जुन्या गाडीला पुढची काच बसवायला दोन माणसं लागतात. एक बाहेर, एक आत. काचेभोवतीच्या रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी फासायचं, काच बाहेरून चौकटीवर टेकवायची आणि दोरीची टोकं आत घ्यायची. आतला माणूस दोरी ओढतो, बाहेरचा तळव्याने दाबतो. रबराची कड पत्र्यावर चढत जाते. आतलं काम नेहमी आईचं असायचं. बाबांचा हात जड.

अपघाताच्या वेळी गाडी बाबाच चालवत होते. शेजारी बसलेली आई काच फोडून बाहेर फेकली गेली आणि जागीच गेली. बाबांना साधं खरचटलंही नाही. तेव्हापासून ते घरात कमी आणि गॅरेजमध्ये जास्त असत. पत्रा ठोकून झाला, रंग झाला. जेवणसुद्धा गाडीपाशीच. त्यांची तब्येत पार उतरली, तेव्हा मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं: काच बसली की गाडी विकायची आणि माझ्याकडे राहायला यायचं.

गिऱ्हाईक आज संध्याकाळी येणार होतं.

"ओढा, शास्त्रज्ञबाई," बाबा बाहेरून म्हणाले. "भौतिकशास्त्र नको, मनगट लावा."

"तुम्ही हात चालवा हो, बाबा. तोंड नंतर."

मी चालकाच्या सीटवर गुडघे टेकून होते. माझ्या बाजूची दोरी हट्टी निघाली. बोटांवर वळ उठले. मग शेजारच्या बाजूचं टोक हातात घेतलं.

ते ओढावंच लागलं नाही. दोरी आपणहून खाचेतून सुटत वर चालली होती. माझ्या हातातलं टोक मात्र सैलच लोंबत होतं. साबण जास्त झाला असणार, असं मी ठरवून टाकलं.

बाबा दाबत होते, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. शेजारच्या रिकाम्या सीटवर होती.

"बसतेय," ते म्हणाले. "सावकाश... बसतेय."

शेवटच्या कोपऱ्यात रबर टक्कन चढलं.

मी फडकं घेऊन काच पुसायला लागले. शेजारच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा डाग होता. आतून पुसला. गेला नाही. उतरून बाहेरून पुसला. तरी गेला नाही.

ही काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्या मधोमध चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रा. आत हवा नसते. वाफ धरायला जागाच नसते.

डाग आक्रसला. पुन्हा पसरला.

मी त्याच्या लयीत श्वास घ्यायला लागले होते.

"बाबा, गिऱ्हाईक येईल. किल्ली द्या."

"आता कशी विकायची? बसलीय ना ती."

"काच?"

एखाद्या मंद पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चालकाच्या सीटवर जाऊन बसले. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"बाबा, उतरा."

मी दार ओढलं. आतून बंद होतं.

"निघू या?" त्यांनी हळूच विचारलं. मला नव्हे.

काचेतला डाग मोठा झाला, लहान झाला, पुन्हा मोठा झाला. थंडीत कुणी बोलताना होतो तसा.

बाबांनी मान डोलावली आणि किल्ली फिरवली.