पुसलेला कोड

फेरीबोट यायला अजून वीस मिनिटं आहेत, तोवर कॉफी घ्या आणि ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही. ओडवार मेकॅनिक माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस होता.

दोन वर्षांपूर्वी, सतरा नोव्हेंबर, गुरुवार. खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या बोर्गहिल्डची जुनी गाडी पोचवायला ओडवार निघाला होता. शेवटची फेरी रात्री अकरा दहाची. गाडीचं दुखणं एकच, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा बिघाड-कोड, आणि त्यापायी डॅशबोर्डवर पेटणारा दिवा. त्याने सेन्सर बदलला, वायर बदलली, दातेरी कडं घासून साफ केलं. दिवा विझायचा आणि चर्चच्या वळणावर पुन्हा पेटायचा. तीनदा असं झालं. "या गाडीपेक्षा माझी सासू लवकर ऐकते," असं मला म्हणालाही होता.

वरून हसायचा, पण आतून टरकला होता. हाच कोड त्याने वर्षभरापूर्वी बोर्गहिल्डच्या मुलीच्या, योरूनच्या गाडीत पाहिला होता. तो एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आम्ही सोबती डोंगरावर त्याची वाट बघत होतो. गड्याने सेन्सरला हातसुद्धा लावला नाही. स्कॅनर जोडला, कोड पुसला, "झाली दुरुस्त" म्हणून चावी दिली. दिवा परत पेटला तेव्हा पोरीने फोन केला, तर म्हणे दिव्यातच बिघाड आहे, लक्ष देऊ नकोस. तो सेन्सर गेला की एबीएस बंद पडतं. मग बर्फावर ब्रेक मारला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. महिनाभराने योरून याच धक्क्यावरून गाडीसकट पाण्यात गेली. चौकशीत ओडवारने शपथेवर सांगितलं, गाडीत दोष नव्हता. सगळं पोरीच्या माथी मारलं. शिकारीच्या झोपडीत पिऊन त्याने हे माझ्याजवळ कबूल केलं, आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

तर त्या रात्री तो धक्क्यावर एकटाच, रांगेत पहिला. उणे सहा तापमान. खाली गुळगुळीत बर्फ. दिवा पेटला. त्याने हँडब्रेक ओढला, स्कॅनर जोडला. कोड तोच. कोडाखाली नोंद असते, दोष आला तेव्हाचे किलोमीटर आणि बाहेरचं तापमान. बोर्गहिल्डची गाडी नव्वद हजारही चालली नव्हती. नोंदीत होते दोन लाख एकतीस हजार चारशे सात. तापमान, अधिक सात.

या खाडीच्या, फियोर्डच्या तळाचं पाणी बारा महिने सात अंश असतं.

त्याने पुसलं. परत आला. पुसलं. परत.

तेवढ्यात बोर्गहिल्डचा फोन आला. पुढचं तिनेच मला सांगितलं.

"दिवा पेटला ना? किती किलोमीटर दाखवतोय?"

त्याने आकडा वाचला.

"योरूनच्या मीटरवर तेवढेच होते. गाडी बाहेर काढली तेव्हा मी पाहिले."

मग तिने थेट विचारलं.

"खरं सांग, ओडवार. दुरुस्त केली होतीस, की नुसतं पुसलं होतंस?"

तेव्हा बोलला असता तर... पण नाही.

"दुरुस्त केली होती," तो म्हणाला.

फोनमध्ये स्कॅनरची टिकटिक ऐकू आली. मग त्याचा आवाज. हळू.

"गाडी सरकतेय."

"ब्रेक लाव."

"लावलाय. चाकं हलत नाहीयेत... तरी..."

"उतर मग."

"पट्टा... सुटत नाहीये..."

मी येणाऱ्या फेरीच्या डेकवर होतो. हेडलाइट दिसले. सावकाश येत होते. अगदी सावकाश. धक्क्याच्या टोकाचा आडवा दांडा मोडला. दिवे पाण्याखाली गेले. खाली... खाली... बराच वेळ दिसत होते.

बोर्गहिल्ड रडली नाही. "मी त्याला विचारलं होतं," एवढंच म्हणाली.

सकाळी पाणबुड्यांनी गाडी चाळीस मीटरांवरून वर काढली. ओडवारचं घड्याळ अकराला दोन मिनिटं कमी असताना थांबलं होतं. स्कॅनर मांडीवर. पोलिसांनी तो वाळवून सुरू केला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. शेवटची नोंद त्याच रात्रीची. वेळ, बारा चाळीस.

कोड पुसला. दोष शिल्लक नाही.