चौथा पट्टा

शनिवारी दुपारची जेवणं झाली की झेनॉन टेबलावरचं मेणकापड पुसून घ्यायचा आणि कपाटातला एक कप्पा उचलून आणायचा. दर शनिवारी एकच. त्यातला एकेक दगड काट्यावर ठेवायचा, वजन वाचायचं आणि सोबतच्या चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडून पाहायचं. उल्केचा दगड झाला तरी त्याच्या पोटात लोखंड असतं. ओल लागली की तो आतून गंजतो, आणि गंजला की वजन बदलतं. चाळीस वर्षं झेनॉन आभाळातून पडलेल्या दगडांची अशी नाडी बघत आला होता.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सातव्या कप्प्याची पाळी होती. बोग्ना भांडी घासत होती. काकडीच्या आंबट सुपाचा वास अजून स्वयंपाकघरात रेंगाळत होता.

"एक्केचाळीस बासष्ट ग्रॅम," झेनॉन म्हणाला. "चार वर्षांत केसभर हललेला नाही. बघ तरी."

"बघितलाय, बाबा."

"चार वर्षांपूर्वी बघितलास."

ती मागे वळली नाही. तो दगड कसा दिसतो हे तिला न बघता माहीत होतं. अक्रोडाएवढा, तपकिरी, एका कोपऱ्यावर टवका उडालेला.

"उद्या पॉपलरच्या झाडांकडे जाऊन येतो," तो म्हणाला. "बर्फ गेलंय. माती उघडी पडलीय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चाला म्हणाले."

"रस्त्यावर. नांगरटीत नव्हे."

"दगड रस्त्यावर पडले असते तर रस्त्यावर चाललो असतो."

"चार हिवाळे झाले. त्या बाजूला एक खडा तरी मिळाला का?"

"हा काय मग?" त्यानं दगड बोटांत धरून उजेडाकडे केला. "एकटा दगड पडत नसतो, बोग्ना. याची भावंडं तिथंच आहेत. मातीत वाट बघत पडलीत बिचारी."

तिनं नळ बंद केला. हात पुसले. वाक्य तयार होतं, चार वर्षं तयार होतं.

"लोकरीचे मोजे घाला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो परतला नाही. झेनॉनचा मित्र लुत्सियान गाडी घेऊन गेला. ग्रोंजेवो गावाच्या पूर्वेला, शेताच्या बांधावरच्या शेवटच्या पॉपलरला टेकून झेनॉन बसलेला सापडला. टोकाला लोहचुंबक बसवलेली काठी त्याच्या मांडीवर आडवी होती. थर्मासमधला चहा अर्धा उरला होता आणि अजून गरम होता.

*

ग्रोंजेवोवर दीडशे वर्षांपूर्वी दगडांचा पाऊस पडला. लहान दगड पश्चिमेला, मोठे नारेव नदीच्या वळणाकडे. झेनॉन ज्यांच्यासोबत उल्का शोधायचा त्या हौशी मंडळाच्या नकाशावर ती सगळी जागा एका लांबट वर्तुळात आखलेली होती आणि त्या वर्तुळात आता फारसं काही उरलं नव्हतं. तरी झेनॉन जायचा. शहात्तराव्या वर्षी, अधू हृदय घेऊन, दर रविवारी.

चार वर्षांपूर्वी बोग्नाला वाटलं, मनासारखा एक दगड सापडला तर हा माणूस घरी बसेल. वॉर्सातल्या खनिजांच्या प्रदर्शनात एका टेबलाच्या कडेला वाळवंटात सापडलेल्या उल्कांची परात होती. चिठ्ठी नसलेले, जन्मगाव नसलेले दगड, वजनावर विकायला ठेवलेले. तिनं त्यातला एक घेतला. दाताच्या ब्रशनं फटींतली तांबडी वाळू काढली. बाल्कनीतल्या कुंडीत तो सहा महिने पुरून ठेवला. काढताना तो हातातून निसटला, फरशीवर आपटला आणि कोपऱ्याचा टवका उडाला. ऑक्टोबरमध्ये ती एकटी ग्रोंजेवोला गेली. वर्तुळाच्या आत ठेवायचं धाडस झालं नाही, तिथली मातीन् माती मंडळाच्या पायाखालची होती. म्हणून पूर्वेला, पॉपलरपाशी, झेनॉन गाडी लावायचा तिथून वीस पावलांवर ठेवला.

तिसऱ्या रविवारी त्याला तो सापडला. रात्रभर भिंगाखाली धरून तो बसला. "गंज जरा निराळा आहे," म्हणाला, "पण पूर्वेकडची मातीही निराळीच." कापून तपासायला त्यानं दिला नाही. आयुष्यातल्या या एकाच दगडाला सुरी लागू द्यायची नाही, म्हणाला.

बोग्ना वॉर्सातल्या एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायची. एक चुकीची नोंद किती पुस्तकांत उतरते हे तिला ठाऊक असायला हवं होतं. पण या लोकांचं एक तिच्या ध्यानात आलं नाही. नव्या जागी दगड सापडला की ते थांबत नाहीत, नकाशा बदलतात. मंडळानं वर्तुळ पूर्वेकडे तीन किलोमीटर ओढलं. घरी बसावं म्हणून तिनं ठेवलेल्या दगडानं बापाला चार हिवाळे रिकाम्या शेतात चालवलं, आणि शेवटी त्याच शेतात बसवलं.

*

दफनानंतर ती वॉर्साला परतली नाही. दाखले, पेन्शनचं कार्यालय, कपडे, औषधांचे खोके. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि जाग आली की आधीपेक्षा जास्त थकवा असायचा. लुत्सियान दोनदा येऊन गेला. मंडळाचा तो सर्वांत जुना माणूस, झेनॉनचा शाळेपासूनचा सोबती.

"संग्रहाचं सावकाश ठरव, पोरी," तो म्हणाला. "एकच मागणं आहे. पूर्वेकडचा दगड गावच्या संग्रहालयात ठेवू. चिठ्ठीसकट. खाली झेनॉनचं नाव."

"काका, त्या दगडाचं..." ती म्हणाली.

"काय?"

लुत्सियाननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. तिच्या कडेचा एक धागा तो बोटानं पुन्हा पुन्हा आत ढकलत होता.

"काही नाही. चहा टाकते."

शनिवार आला तेव्हा तिनं मेणकापड पुसलं आणि सातवा कप्पा काढला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. दगडाखालच्या कापसावर काळी माती होती. चिमूटभर, ओली. ओल शोषणारी पुडी कप्प्यात होती आणि ती कोरडी होती. आपलेच हात मळलेले असतील असं म्हणून बोग्नानं कापूस बदलला आणि दगड काट्यावर ठेवला. ४१.६२.

पुढच्या शनिवारी माती पुन्हा होती. मूठभर. तिच्यात राय धान्याचं एक पांढरं मूळ होतं, नुकतं तुटलेलं. दगड पुसून ठेवला. ४१.६२.

तिनं खिडकीची फट तपासली, कप्प्याचा तळ तपासला. उंदीर असेल म्हणून पिंजरा आणून लावला. पिंजऱ्यात काही आलं नाही.

मंगळवारी ओतिलियाचा फोन आला. मंडळातली ही एकटी बाई, सत्तरीची, निवृत्त परिचारिका, झेनॉनशी जन्मभर भांडलेली.

"बोग्ना, बसली आहेस ना? काल एकटीच शेतात गेले होते. सापडला. पॉपलरपाशी. तुझा बाप खरा निघाला. आता वर बसून मला टोमणे मारत असेल."

"कसा आहे?"

"तपकिरी. अक्रोडाएवढा. आणि गंमत ऐक, वजन एक्केचाळीस बासष्ट. म्हाताऱ्याच्या दगडाएवढं तंतोतंत. जाता जाता माझी चेष्टा करून गेला मेला."

बोग्नानं फोन कानाशी तसाच धरून कप्पा उघडला. दगड जागेवर होता.

*

सभासद गेला की पहिल्या शोधाला मंडळात एक रीत होती. सगळे एका रांगेत, दोन-दोन मीटरच्या पट्ट्यांत चालायचे. प्रत्येकाचा पट्टा वर्षानुवर्षं ठरलेला. गेलेल्याचा पट्टा त्या दिवशी रिकामा सोडायचा, त्यात कुणी पाऊल टाकायचं नाही. शेताच्या टोकाला पोचलं की प्रत्येकानं आपापला आकडा म्हणायचा, आणि रिकाम्या आकड्यापाशी सगळ्यांनी एक श्वास थांबायचं.

झेनॉनचा पट्टा चौथा होता. लुत्सियाननं बोग्नाला पाचव्यात उभं केलं. तिसऱ्यात ओतिलिया होती.

मार्चची सकाळ होती, ढगाळ, वारा नसलेली. रात्री पाऊस झाला होता, माती बुटांना चिकटत होती. गाडीतून उतरताना बोग्नानं ठरवलं होतं की शोध संपला की लुत्सियानला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. मग मंडळात तोंड दाखवता येणार नाही, झेनॉनचं नाव संग्रहालयात लागणार नाही. ते तरी होऊन जाऊ दे. सगळ्याचाच शीण आला होता.

शंभरेक पावलांवर ओतिलिया थांबली.

"हा बघ."

दगड चौथ्या पट्ट्यात होता. मातीत रुतलेला नव्हता, वर ठेवल्यासारखा पडला होता. ओतिलियानं पट्ट्यात पाय न टाकता काठी लांब केली. लोहचुंबकाला दगड चिकटून आला. तिनं खिशातला छोटा काटा काढला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"एक्केचाळीस बासष्ट," ती म्हणाली आणि हसली. "काटा बिघडला माझा."

"नवं घड्याळसुद्धा एका आठवड्यात बिघडवतेस तू," पहिल्या पट्ट्यातून लुत्सियान म्हणाला. "माझ्या काट्यावर बघू."

दगड हातोहात त्याच्याकडे गेला. त्यानं तो दोनदा ठेवला, दोनदा उचलला.

"बासष्ट," तो म्हणाला आणि दगड माघारी पाठवला.

पुढचा बारा पावलांवर होता. त्याच पट्ट्यात. मग आणखी बारा पावलांवर एक. आता कुणी हसत नव्हतं. ओतिलिया वजनं मोठ्यानं वाचत नव्हती, नुसता काटा बोग्नाकडे वळवून दाखवत होती आणि दगड तिच्या हातात देत होती.

बोग्नानं हातमोजा काढला. तिन्ही दगडांच्या कोपऱ्यावर टवका होता. एकाच कोपऱ्यावर, एकाच आकाराचा. तिच्या बाल्कनीतल्या फरशीनं काढलेला.

"दोन उल्का कधी सारख्या नसतात," लुत्सियान हळूच म्हणाला. "पन्नास वर्षांत पाहिल्या नाहीत मी." मग थोडं थांबून म्हणाला, "आज इथंच थांबू या का?"

"टोकापर्यंत जायचं," ओतिलिया म्हणाली. "रीत आहे."

ते चालले. कुणी खाली बघत नव्हतं. बोग्ना बघत होती. चौथ्या पट्ट्यात दगड येत राहिले आणि आता ते कुणी उचलत नव्हतं. बारा पावलं, दगड. बारा पावलं, दगड. पॉपलर जवळ आले तसं अंतर कमी झालं. दहा. सात. चार. दमलेल्या माणसाची चाल आखडते तसं.

बांधाशी रांग थांबली.

"एक," लुत्सियान म्हणाला.

"दोन."

"तीन," ओतिलिया म्हणाली.

सगळे एक श्वास थांबले.

बोग्नानं डावीकडे पाहिलं. चौथ्या पट्ट्याच्या टोकाला, ओल्या मातीत, बुटांचे दोन ठसे होते. खोल, शेजारी शेजारी, कडा अजून ढासळत होत्या. मागच्या सबंध पट्ट्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. ठशांची टोकं शेताकडे नव्हती, पॉपलरकडेही नव्हती. ती तिच्याकडे वळलेली होती.

श्वास संपला. आता तिचा आकडा होता. सगळे वाट बघत होते.

"तो दगड मी ठेवला होता, बाबा," ती म्हणाली. "इथं काही नाहीये. आता घरी चला."